वरचा जबडा रुंदावला, खालच्याचे काय?

१८६० साली सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका दंतवैद्याने चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत आडवा स्क्रू बसवला. तिच्या वरच्या जबड्यात दातांना जागा पुरत नव्हती. त्या काळी अशा वेळी एखादा धडधाकट दात उपटून जागा केली जाई. इमर्सन अँजेल या दंतवैद्याला ते पटत नव्हते. त्याने स्क्रूची टोके दोन्ही बाजूंच्या उपदाढांना टेकवली, मुलीच्या हातात एक छोटी किल्ली दिली आणि स्क्रू सैल वाटला की फिरवायचा, असे सांगून तिला घरी पाठवले. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट पडली. त्या दातांना कोणी हात लावला नव्हता, त्यांच्यावर कसला दाबही नव्हता. अँजेलने निष्कर्ष काढला, की इथे नुसते दात सरकलेले नाहीत; वरच्या जबड्याची दोन हाडेच मधोमध एकमेकांपासून दूर झाली आहेत.

फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या ‘डेंटल कॉसमॉस’ या मासिकात त्याने ही हकिगत छापून आणली. मासिक नुकतेच, म्हणजे १८५९ साली सुरू झाले होते. संपादकांपैकी मॅक्क्विलन यांनी लेखाला जागा दिली, पण सोबत आपली शंकाही नोंदवली. चेहऱ्याच्या इतक्या हाडांत घट्ट अडकलेला जबडा एका स्क्रूने उघडेल, हे त्यांना अशक्यप्राय वाटले. अँजेलजवळ दाखवायला पुरावा नव्हता. राँटगेनचे क्ष-किरण यायला अजून ३५ वर्षे होती. त्यामुळे दातांतली ती फट हीच त्याची एकमेव साक्षीदार, आणि ती कोणी मानली नाही.

अँजेल बरोबर होता हे पुढे सिद्ध झाले. आज टाळूतला स्क्रू पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावच्या दवाखान्यातही बसवला जातो. वरचा जबडा रुंदावतो, यावर आता वाद नाही. वाद दुसऱ्याच हाडाचा आहे. स्क्रू ज्याला शिवतही नाही, त्या खालच्या जबड्याचे काय होते? तो जागेवर राहतो, मागे जातो, की पुढे येतो? वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरे पिढीगणिक बदलत गेली. त्या बदलांचा हा इतिहास आहे.

दोन जबडे, दोन स्वभाव

आधी रचना समजून घ्यावी लागते. वरचा जबडा म्हणजे उजवे आणि डावे अशी दोन हाडे. ती टाळूच्या मधोमध एका सांध्याने जोडलेली असतात. जीभ टाळूवरून मागेपुढे फिरवली, तर मधली रेघ जाणवते. सांधा तिच्या वर असतो. लहानपणी तो सरळ आणि सैल असतो. वय वाढते तसा त्याचा मार्ग नागमोडी होतो आणि दोन्ही कडांचे दाते एकमेकांत गुंतत जातात. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलात जे काम किल्लीच्या काही वेढ्यांत होते, ते पंचविशीत त्याच स्क्रूने होईलच असे नाही.

खालच्या जबड्याची तऱ्हा निराळी. त्याचे दोन अर्ध जन्माच्या वेळी वेगळे असतात, पण वर्षभरातच हनुवटीपाशी जुळून एक होतात. पुढे तो अखंड असतो, त्यामुळे त्याला वरच्यासारखे मधोमध उघडता येत नाही. मात्र तो कवटीला दोन्ही कानांपुढच्या सांध्यांवर टांगलेला आणि स्नायूंनी तोललेला असतो. तोंड मिटताना तो नेमका कुठे थांबेल, हे बऱ्याच अंशी वरचे दात ठरवतात. वरची कमान अरुंद असेल, तर खालच्या दातांना नीट बसायला जागा मिळत नाही. मग मूल जिथे सोयीचे वाटेल तिथे जबडा नेऊन चावते. कधी तो एका बाजूला सरकतो, कधी मागेच राहतो. वरची कमान रुंद केल्यावर खालचा जबडा आपली जागा बदलेल का, हा प्रश्न या रचनेतूनच उभा राहतो.

वरचा जबडा अरुंद का राहतो, याची कारणे अनेक आहेत. काहींच्या घराण्यातच ती ठेवण असते. बोट चोखण्याची सवय चार-पाच वर्षांपुढे टिकली, तर गालांचा दाब वाढतो आणि जीभ खाली राहते. नाकामागच्या गाठी वाढून मूल तोंडाने श्वास घेऊ लागले, तरी जीभ टाळूपासून दूर राहते, आणि टाळूला आतून मिळणारा जिभेचा आधार सुटतो. टाळूची फट शिवलेल्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेचा व्रण वाढ रोखतो. या यादीत आणखी एक संशयित आहे, मऊ अन्न. त्याच्या तपासात पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीचे नाव येते.

घोडकाठचे जबडे

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर सोडले, की घोड नदी ओलांडून आंबेगाव तालुक्यातले कळंब लागते. हीच घोड पुढे शिरूरवरून वाहत जाते आणि तिच्या उजव्या काठावर इनामगाव येते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाने महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. हे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले. तिथले लोक लहान मुले दगावली, की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत मुलाला निजवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. या रिवाजामुळे एरवी सहज विरून जाणारी लहान मुलांची हाडे आणि दुधाचे दात तीन हजार वर्षे टिकले.

त्या सांगाड्यांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८६ साली आला. पुढे १९९८ साली या दोघांनी इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे तपासले. दातावरचे लुकण तयार होत असताना मूल आजारी वा उपाशी असेल, तर त्याची खूण सुळ्यावर उमटते आणि कायम राहते. घोडकाठच्या त्या गावात हवामान बदलले, शेतीवर भागेनासे झाले, लोक पुन्हा शिकारीकडे आणि गुराढोरांकडे वळले. मुलांच्या दातांत या सगळ्याचा माग शोधता येतो, हे त्या संशोधनाने दाखवले. दात आणि जबडे घराण्याइतकेच ताटातल्या अन्नाचेही असतात, ही जाणीव अशा अभ्यासांतून पक्की होत गेली.

याच धाग्याचे दुसरे टोक चंदीगडला सापडते. रॉबर्ट कॉरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह चंदीगड शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पंजाबी तरुणांचे दात तपासले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, वंश तोच असूनही शहरातल्या मुलांचे दात आणि जबडे अधिक बेमेळ आढळले. कॉरुचिनींनी बोट ठेवले ते चावण्याच्या कष्टावर. जबडा वाढीच्या वयात राबला नाही तर तो पुरता वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे. जुन्नर-आंबेगावच्या मागच्या पिढ्या बाजरीची भाकरी चावत आणि ऊस दातांनी सोलून खात वाढल्या. आजच्या मुलांच्या हातात बिस्किटे आणि पाव आहेत. एवढ्यावरून प्रत्येक अरुंद टाळूचा दोष बिस्किटांवर टाकता येणार नाही. आनुवंशिकता आणि श्वास यांचा वाटा मोठाच आहे. पण अरुंद जबड्यांचे प्रमाण दोन-तीन पिढ्यांत का वाढावे, याचे उत्तर नुसत्या रक्तात मिळत नाही, हेही तितकेच खरे.

अँगलचा दबदबा आणि बुटातला पाय

पुन्हा एकोणिसाव्या शतकाकडे वळू. अँजेलचा स्क्रू थट्टेचा विषय झाला, तरी टाळू रुंद करण्याची कल्पना मेली नाही. लंडनमध्ये १८८१ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत वॉल्टर कॉफिनने पियानोच्या तारेची स्प्रिंग मांडली. ती टाळूवरच्या पट्टीच्या दोन भागांना हळूहळू बाजूला लोटत असे. तिचे वंशज आजही वापरात आहेत. त्याच सुमारास न्यूयॉर्कचा नॉर्मन किंग्जली खालच्या जबड्यामागे लागला होता. त्याने वरच्या दातांमागे उतरती कड असलेली पट्टी बसवली. तोंड मिटताना खालचे दात त्या उतारावरून घसरत पुढे येत, आणि मागे राहिलेला जबडा पुढे चावायला शिके. कॉफिन रुंदी पाहत होता, किंग्जली लांबी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल का, हा विचार अजून कोणी नीट मांडला नव्हता.

१८९९ साली एडवर्ड अँगलने दातांच्या बेमेळाचे तीन वर्ग पाडले. वरची पहिली मोठी दाढ आणि खालची पहिली मोठी दाढ पुढेमागे कशा बसतात, हा त्याचा निकष. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग, फार पुढे गेली तर तिसरा. ही विभागणी इतकी सोपी आणि उपयोगी ठरली, की सव्वाशे वर्षांनंतरही जगभरचे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात जुळवणारे दंतवैद्य, तीच भाषा बोलतात. तिच्यात एक उणीव मात्र राहून गेली. ती जबडा बाजूने पाहते, समोरून पाहत नाही. पुढे-मागे मोजणाऱ्या या चौकटीत रुंदीला स्थान नव्हते. अँगलचा विश्वास असा, की दात तारेने योग्य जागी आणले की त्यांच्याभोवती हाड आपोआप वाढेल. मग सांधा उघडण्याचा खटाटोप कशाला? त्याच्या शब्दाला अमेरिकेत वजन होते. १९२० नंतर तिथे टाळूतला स्क्रू जवळजवळ दिसेनासा झाला. युरोपात मात्र तो चालू राहिला.

त्याच युरोपात १९१४ साली कॉर्बिट्झ या दंतवैद्याने एक उपमा दिली. ती या विषयाच्या प्रत्येक चर्चेत आजही येते. वरचा जबडा म्हणजे बूट आणि खालचा म्हणजे पाय. बूट अरुंद असेल तर पाय पुढपर्यंत शिरत नाही, मागेच अडकतो. बूट रुंद करा, पाय आपोआप पुढे सरकेल. दुसऱ्या वर्गातल्या मुलांचा खालचा जबडा मागे दिसतो तो खुजा असतो म्हणून नव्हे, तर अरुंद वरच्या कमानीत कोंडला गेल्याने, असा याचा अर्थ. उपमा देखणी होती. तिची परीक्षा व्हायला मात्र ऐंशी वर्षे लागली, कारण मधल्या काळात एका वेगळ्याच निरीक्षणाने बाजी मारली.

शिकागोचा उलट निकाल

१९५०च्या दशकात जर्मनीतले गुस्ताव्ह कॉर्कहाउस शिकागोला इलिनॉय विद्यापीठात गेले. सोबत त्यांनी टाळू रुंद केलेल्या रुग्णांच्या नोंदी नेल्या होत्या. तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागाचे प्रमुख होते अ‍ॅलन ब्रॉडी, म्हणजे खुद्द अँगलचे शिष्य. ज्या गुरूने स्क्रूला मोडीत काढले, त्याच्याच शिष्याच्या विभागात त्याचा पुनर्जन्म व्हायचा होता. तिथे शिकणाऱ्या अँड्र्यू हासने हा विषय हाती घेतला. आधी त्याने डुकरांवर प्रयोग केले. जनावरांचा टाळूचा सांधा सहज उघडला आणि उघडलेल्या फटीत नवे हाड भरले. मग त्याने माणसांवर काम सुरू केले. वरच्या दाढांभोवती आणि उपदाढांभोवती धातूच्या पट्ट्या, टाळूला टेकणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन गाद्या आणि मधोमध स्क्रू, असे त्याचे साधन होते. किल्लीचा एक वेढा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दिवसाला दोन वेढे दिले, तर दोन-तीन आठवड्यांत पुरेशी रुंदी मिळे. क्ष-किरणात टाळूच्या मधोमध उघडलेली काळी फट आता स्पष्ट दिसत होती. शंभर वर्षांनंतर अँजेलला साक्षीदार मिळाला.

हासने १९६१ साली ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. अँगलचेच नाव मिरवणाऱ्या पत्रिकेत हा लेख यावा, हाही योगायोगच. त्या लेखात खालच्या जबड्याबद्दल एक महत्त्वाची नोंद होती. टाळू रुंदावताना वरचा जबडा थोडा खाली आणि पुढे येतो, वरच्या दाढा बाहेर कलतात आणि त्यांची आतली टोके खालच्या दाढांवर टेकतात. परिणामी खालचा जबडा पुढे येण्याऐवजी खाली आणि मागे फिरतो. समोरच्या दातांतला चावा उघडतो, हनुवटी मागे जाते.

ज्या मुलांचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे गेलेला असतो, त्यांना ही गोष्ट हितकारक. हासने तिचा तसा वापरही केला. पुढे चेहऱ्यावर मुखवट्यासारखी चौकट लावून वरचा जबडा पुढे ओढण्याच्या उपचारात स्क्रूची जोड नेहमीची झाली. पण ज्यांचा चेहरा आधीच लांबट, ओठ न मिटणारे आणि हनुवटी मागे, त्यांच्यात हेच फिरणे दोषात भर घालणारे. १९७० साली रॉबर्ट वर्ट्झने मोठ्या रुग्णसमूहाच्या मोजमापांतून ही दिशा पडताळली, आणि उपचार संपल्यावर चावा बसला की खालचा जबडा पुष्कळसा आपल्या मूळ जागी परततो, हेही दाखवले. म्हणजे शिकागोचा निकाल बुटाच्या उपमेच्या उलट लागला. बूट रुंद झाला, पण पाय पुढे न येता आधी मागे गेला.

हा धोका ओळखून नंतरच्या डॉक्टरांनी साधन बदलले. मागच्या दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅक्रिलिकचा थर चढवून ते दातांना चिकटवू लागले. त्या थराने दाढा खाली उतरण्याला आळा बसतो आणि जबडा फिरण्याचे प्रमाण कमी होते.

बाजूला सरकलेला जबडा

अमेरिकेत पुढे-मागेचा वाद चालू असताना उत्तर युरोपातले संशोधक वाढीच्या मुळाशी गेले होते. कोपनहेगनच्या आर्ने ब्यॉर्कने १९५०च्या दशकापासून मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या बारीक खुणा बसवल्या. हाड वाढले तरी खूण जागेवर राहते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या क्ष-किरणांत जबडा कुठे आणि कसा वाढतो हे प्रथमच नेमके मोजता आले. वरच्या जबड्याची रुंदी बालपणापासून पौगंडापर्यंत त्या मधल्या सांध्यातच वाढत राहते, हे त्याने आणि वीबेके स्कीलर हिने दाखवले. १९७५ साली बिर्टे मेल्सनने शवविच्छेदनातल्या टाळूंचा अभ्यास करून सांध्याच्या अवस्था लावल्या. लहानपणी रुंद आणि सैल, मग नागमोडी, आणि किशोरवयाच्या अखेरीस एकमेकांत घट्ट गुंतलेला. उपचाराचे वय का महत्त्वाचे, याचे उत्तर या कामात आहे.

स्वीडनमध्ये बिर्गिट थिलांडर आणि सहकाऱ्यांनी उलट चाव्याच्या मुलांकडे लक्ष दिले. एरवी वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरून बसतात. वरची कमान अरुंद झाली की त्या आतून बसू लागतात. हा उलट चावा. पुष्कळ मुलांमध्ये तो एकाच बाजूला दिसतो. प्रत्यक्षात कमान दोन्हीकडून सारखीच अरुंद असते. दाढांची टोके एकमेकांवर आपटतात, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून चावते आणि हनुवटी चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून ढळते. घरच्यांना वाटते, मूल तोंड वाकडे करते. ही सवय वर्षानुवर्षे टिकली, तर एका बाजूचा सांधा आणि हाड दुसऱ्या बाजूपेक्षा निराळे वाढू शकते. मग आज नुसती सरकलेली हनुवटी उद्या खरोखर वाकडी होते.

इथे रुंदीकरणाचे फळ सगळ्यांत स्पष्ट दिसते. वरची कमान मोठी झाली की दाढांचा अडथळा निघतो आणि खालचा जबडा मध्यावर परत येतो. थिलांडरचे १९८४चे काम, टेक्सासमधल्या डॅलसच्या संशोधकांनी २००१ साली केलेली मोजमापे आणि पुढचे पुष्कळ अभ्यास एकाच दिशेने बोलतात. उपचारानंतर खालच्या जबड्याची दोन्ही बाजूंची तफावत कमी होते. खालच्या जबड्याच्या जागेबद्दल या दीडशे वर्षांत जे काही ठामपणे हाती लागले, त्यात हे पहिले.

एकाच वर्षी दोन निकाल

बुटाची उपमा मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला पुन्हा जिवंत झाली. तिथले जेम्स मॅक्नमारा लहान मुलांची टाळू रुंद करून स्क्रू काढत, साधी पट्टी देत आणि कायमचे दात येण्याची वाट पाहत. त्यांच्या लक्षात आले, की दुसऱ्या वर्गाकडे झुकलेल्या काही मुलांचा खालचा जबडा मधल्या काळात काहीही न करता पुढे आला आहे. वरच्या दाढा मुद्दाम थोड्या जास्त रुंद नेल्यामुळे चावा अडचणीचा होतो, ती अडचण टाळण्यासाठी मूल जबडा पुढे करून चावते आणि वाढीच्या जोरावर ती जागा कायम होते, असा त्यांचा तर्क.

इटलीतल्या फ्लोरेन्सहून याला आधार आला. इझाबेला तोल्लारो, तिझियानो बाचेत्ती आणि लोरेन्झो फ्रांकी यांनी १९९६ साली दाखवले, की दुसऱ्या वर्गाच्या पुष्कळ मुलांत वरची कमान ३ ते ५ मिलिमीटरने अपुरी असते. नेहमीच्या चाव्यात ती उणीव दिसत नाही. जबडा योग्य जागी पुढे आणून पाहिला, की उघडी पडते. समोरून न पाहण्याची अँगलच्या चौकटीतली ती जुनी उणीव इथे उघड झाली.

मग आले २०१०. अमेरिकेच्या एकाच ऑर्थोडॉन्टिक नियतकालिकात त्या वर्षी दोन शोधनिबंध छापले गेले. मॅक्नमारांच्या गटाने टाळू रुंद केलेल्या ५० मुलांची तुलना उपचार न घेतलेल्या ५० मुलांशी केली. उपचार घेतलेल्या बहुतेक मुलांत दाढांचा मेळ एक मिलिमीटर किंवा अधिक सुधारला. उपचार न घेतलेल्यांत फरक किरकोळ होता. दुसरा निबंध व्होल्क, सॅडोव्स्की आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी दुसऱ्या वर्गातली १३ मुले तपासली. सुधारणा सुमारे निम्म्या मुलांतच दिसली, आणि टाळू रुंद केल्याने दुसरा वर्ग आपोआप सुटतो या मताला आपला अभ्यास आधार देत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दोघांच्या आकड्यांत दिसतो तितका विरोध नाही. मॅक्नमारांच्या निबंधातच या सुधारणेला उपचाराचा आनुषंगिक परिणाम म्हटले आहे. शिवाय दाढांचा मेळ सुधारला म्हणजे जबड्याचे हाडच पुढे आले असे नव्हे. दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी लहान उपदाढा येताना खालच्या कायमच्या दाढा थोड्या पुढे सरकतात. त्या फायद्याचाही यात वाटा असतो. अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्यांनीही पुढे हेच सांगितले, की पुरावा तोकडा आहे आणि एखाद्या मुलात खालचा जबडा पुढे येईलच असे आधी सांगता येत नाही.

त्याच २०१० साली दक्षिण कोरियातून टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून त्यावर साधन बसवण्याचे तंत्र गाजले. त्यामुळे विशीतल्यांचाही सांधा उघडणे शक्य झाले. पण वाढ थांबलेल्या वयात खालचा जबडा नव्या जागेशी जुळवून घेण्याची शक्ती उरत नाही. मुलांचे निष्कर्ष मोठ्यांना लावता येत नाहीत.

कलकत्त्यापासून कळंबपर्यंत

भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३चे. १९४८ साली दंतवैद्य कायदा झाला आणि १९६५ साली इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. हासचा निबंध येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. तरी पुढची काही दशके वेडेवाकडे दात सरळ करणे ही मोठ्या शहरांतल्या सुखवस्तू घरांचीच गोष्ट राहिली. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले, मग आणखी निघाली, आणि उत्तर पुणे जिल्ह्यातल्या घरांना हा उपचार एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आला.

गावच्या शाळेपर्यंत तपासणी पोहोचली ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे. फेब्रुवारी २०१३ मध्ये या देशव्यापी कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करणे हे त्याच्या पथकांचे काम. दातांचे विकार आणि दुभंगलेली टाळू या दोन्ही गोष्टी त्याच्या यादीत आहेत. कळंबच्या मुलासाठी पुढची पायरी मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिच्यापुढची पुण्याची दंत महाविद्यालये. वाट लांब असली तरी आखलेली आहे. अडचण वेगळीच असते. दुधाचे दात पडायचेच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, अशी समजूत घरोघरी आहे. कायमचे सगळे दात आले की पाहू, असे म्हणत मूल चौदा-पंधराचे होते. तोवर टाळूचा सांधा गुंतू लागलेला असतो.

स्क्रूचे रोजचे काम आजही घरच्यांच्याच हाती असते. डॉक्टर साधन बसवतात, पण किल्ली रोज आई-वडील फिरवतात. पुढच्या दातांत फट पडली की अनेक घरांत घबराट होते. ती फट सांधा उघडल्याची खूण असते आणि काही महिन्यांत आपोआप मिटते. किल्ली फिरवण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत संपते. त्यानंतर साधन तोंडात तीन ते सहा महिने तसेच ठेवावे लागते, कारण फटीत भरलेले नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो. ते घाईने काढले, तर मिळालेली रुंदी निसटते.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासाचा निवाडा तीन वाक्यांत मांडता येतो. अरुंद वरच्या कमानीमुळे बाजूला सरकलेला खालचा जबडा, वाढत्या वयात कमान रुंद केली तर बहुधा मध्यावर परततो. उपचार चालू असताना तो थोडा खाली आणि मागे फिरतो, आणि लांब चेहऱ्याच्या मुलांत त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तो पुढे येणे मात्र काही मुलांच्या वाट्याला येणारा जादा लाभ आहे. त्याच एका आशेने टाळूत स्क्रू बसवू नये.

म्हणून पालकांनी मूल सात वर्षांचे झाले की एकदा दंतवैद्याकडून जबडा तपासून घ्यावा. रात्री तोंड उघडे ठेवून झोपणारे, चावताना हनुवटी एका बाजूला नेणारे किंवा एका बाजूच्या वरच्या दाढा आतून बसणारे मूल असेल, तर थांबू नये. आणि कोणी टाळू रुंद केल्याने हनुवटी नक्की पुढे येईल असे छातीठोकपणे सांगितले, तर आपल्या मुलाची टाळू मुळात अरुंद आहे का, हे आधी विचारावे. ती अरुंद नसेल, तर स्क्रूची गरज नाही.